पाऊस किती पडला ते कळलं, पण उडून किती गेला?

जून लागला की व्हॉट्सअ‍ॅपवर रोज आकडे यायला लागतात, इथे इतके मिलिमीटर, तिथे सरासरीच्या इतके टक्के. चांगलंच आहे, पण हा हिशोब फक्त जमेच्या बाजूचा झाला. खर्चाची बाजू कुणी विचारतच नाही, आणि दुष्काळ समजून घ्यायचा तर खरी गोम तिथेच आहे.

खर्च म्हणजे काय तर माती, तळी, धरणं यांच्यातून पाण्याची वाफ होते ती, आणि झाडं-पिकं मुळांनी पाणी ओढून पानांतून हवेत सोडतात ते. दोन्ही वेगवेगळं मोजणं अवघड म्हणून शास्त्रज्ञ एकत्रच धरतात, त्याला बाष्पोत्सर्जन किंवा सरळ ईटी म्हणतात. पावसातून ईटी वजा केलं की उरतं ते नदीला, विहिरीला आणि धरणाला. भारतात वर्षाला सरासरी 1170 मिमीच्या आसपास पाऊस पडतो, देशभराचं मिळून ते जवळपास 4000 अब्ज घनमीटर होतं, आणि केंद्रीय जल आयोगाच्या 2019च्या अभ्यासाप्रमाणे नदीखोऱ्यांत मिळतं साधारण 2000. म्हणजे ढोबळमानाने निम्मं पाणी परत हवेत.

पण ही देशाची सरासरी झाली आणि सरासरीवर कुणाची तहान भागत नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिमी पाऊस, तिथून पूर्वेला वीसेक किलोमीटरवर पाचगणीत दोन हजारांच्याही आत, आणि घाट उतरून वाईत आलं की सातशे-आठशेच्या घरात. ढग सह्याद्रीवर रिकामे होतात आणि पलीकडे पर्जन्यछाया सुरू होते. पुढे सोलापूरला पाऊस साधारण सातशे मिमी, पण तिथलं ऊन, कोरडी हवा आणि वारा मिळून वर्षाला 1800 मिमीच्या आसपास पाणी उडवू शकतात, म्हणजे पडतं त्याच्या अडीचपट! अर्थात नसलेलं पाणी उडणार कुठून, म्हणून जे पडतं त्यातलं बहुतेक जातं आणि हातात थोडंच राहतं.

मग सोलापूरच्या उजनी धरणात पाणी येतं कुठून? सोलापूरकरांना हे सांगायला नको, पावसाळ्यात तिथली माणसं स्वतःच्या गावातल्या पावसाइतकंच दौंडच्या विसर्गाकडे, म्हणजे तिथे भीमेतून किती पाणी वाहतंय त्याकडे, डोळे लावून असतात. पुणे जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात, घाटमाथ्याजवळ पडलेलं पाणी भीमेतून खाली येतं तेव्हा उजनी भरते. जायकवाडीचं पण तेच, नाशिक-नगरकडून पाणी आल्याशिवाय मराठवाड्याचं हे धरण भरत नाही. सह्याद्रीचा एक अरुंद पट्टा पाणी देणारा आणि त्याच्या पूर्वेचा मोठा पठारी भाग ते वापरणारा, असा हा मामला आहे, आणि पाणीवाटपाचे बरेचसे वाद इथूनच सुरू होतात.

कोरड्या भागात आणखी एक गोष्ट होते जी मला सगळ्यात काळजीची वाटते. पगार कमी झाला तरी घरखर्च फारसा कमी होत नाही, कात्री लागते ती बचतीला, तसंच पाण्याचं आहे. समजा 700 मिमी पाऊस पडला, 600 उडाला, 100 उरला. पुढच्या वर्षी पाऊस 600च झाला, तर ईटी थोडी कमी होऊन 540 होईल आणि उरेल 60. पाऊस घटला 14 टक्के पण शिल्लक घटली 40 टक्के! ही फक्त समजण्यापुरती आकडेमोड आहे, पण दिशा खरी आहे, म्हणून 'पाऊस तर बरा झाला होता, मग बोअर का आटले' या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे सापडतं.

वाफ होऊन उडणारं पाणी मोजतात कसं तर हवामान केंद्रात सव्वा मीटरभर व्यासाचं आणि पंचवीस सेंटिमीटर खोल पत्र्याचं पसरट भांडं असतं, त्यातलं पाणी रोज किती उतरलं ते बघतात. आपल्याकडे त्यावर जाळी टाकतात, नाहीतर पक्षी येऊन पाणी पिणार आणि आकडा चुकणार. मे महिन्यात पठारावर हा आकडा दिवसाला 10 मिमीच्या पुढे जातो. मोठ्या जलाशयातून भांड्यापेक्षा कमी उडतं, तरी 7 मिमी धरा, जायकवाडीचा पाणपसारा भरल्यावर साधारण 350 चौरस किलोमीटर असतो, उन्हाळ्यात आकसून 200 राहिला असं मानलं तरी दिवसाला 140 कोटी लिटर नुसतं हवेत.

कोकणाचं उलट. पाऊस तीन हजार मिमी, हवा दमट, वर्षाचा हिशोब लावला तर भरपूर शिल्लक, तरीही एप्रिल-मेमध्ये वाड्यांवर टँकर येतात. कारण पाऊस चार महिन्यांत संपतो, उतार तीव्र, जांभ्या दगडातून पाणी झरझर निघून जातं, आणि पुढचे आठ महिने ईटी मात्र चालूच. म्हणून हिशोब महिन्या-महिन्याचा हवा, वर्षाचा फसवतो.

आता ईटी म्हणजे सगळं वाया असं अजिबात नाही. पिकाच्या पानातून गेलेलं पाणी धान्य देऊन जातं, उघड्या मातीतून उडालेलं काहीच देत नाही, फरक एवढाच पण तो फार मोठा आहे. सोलापूरची रब्बी ज्वारी हे याचं सुंदर उदाहरण. मीटरभर खोल काळी माती पिकाच्या कामाचं साधारण 200 मिमी पाणी धरून ठेवते आणि सप्टेंबरच्या पावसावर पेरलेली ज्वारी त्यावर निघते. जमीन भेगाळली की त्या भेगांतून ओल जाते, म्हणून कोळपणी करून भेगा बुजवायच्या, 'एक कोळपणी अर्धं पाणी' हे शेतकरी पूर्वीपासून म्हणतात ते पक्कं शास्त्र आहे. याउलट ऊस वर्षाला दोन हजार मिमीच्या वर पाणी मागतो. ठिबकने मातीतून उडणारं पाणी वाचतं, जरूर करावं, पण पानांतून जाणारं तेवढंच राहतं, आणि वाचलेल्या पाण्यावर आणखी ऊस लावला तर खोऱ्याच्या हिशोबात वाचलं काहीच नाही.

नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजार या गावाने हा ताळेबंद गावपातळीवर करून दाखवला, पाऊस मोजायचा, आधी पिण्याचं आणि जनावरांचं पाणी बाजूला काढायचं, मग उरलेल्यावर पिकं ठरवायची, ऊस-केळी नाही. पाऊस किती, तर साधारण चारशे मिमी. हा ताळेबंद प्रत्येक तालुक्याने करावा, आणि रोजच्या पावसाच्या आकड्याशेजारी त्या दिवशी उडालेल्या पाण्याचा आकडाही छापावा असं मला मनापासून वाटतं.