यीशिंग चहादाणी

यीशिंग चहादाणी ही चीनच्या ज्यांगसू प्रांतातील यीशिंग परिसरात, तेथेच सापडणाऱ्या लोहयुक्त मातीपासून घडवलेली, झिलई नसलेली स्टोनवेअर (उच्च तापमानाला भाजून दगडासारखे कठीण केलेले मृद्भांडे) प्रकारची चहादाणी होय. यीशिंग हे थायहू सरोवराच्या पश्चिमेस असून चहादाण्या घडवणाऱ्यांची वस्ती प्रामुख्याने शहराच्या दक्षिणेकडील दिंगशू या गावात आहे. ज्या मातीपासून ती घडते तिला चिनी भाषेत ‘त्सुशा’ म्हणजे जांभळी वाळू म्हणतात. मात्र भाजल्यावर तिचा रंग तपकिरी, विटकरी, गव्हाळ, पिवळसर यांपैकी कोणताही असू शकतो. चहाचे पान गरम पाण्यात मुरवून पिण्याच्या पद्धतीसाठीच ही चहादाणी आहे. दूध आणि साखर घालून उकळलेल्या चहासाठी ती उपयोगाची नाही, कारण झिलई नसलेल्या आतल्या पृष्ठभागात दुधाचा अंश व वास मुरून राहतो.

या भांड्याचा उगम केव्हा झाला, याविषयी अभ्यासकांत दीर्घकाळ मतभेद आहेत. पारंपरिक वृत्तान्ताचा मुख्य आधार म्हणजे जोउ गाओची या मिंग काळाच्या (1368–1644) अखेरच्या लेखकाने सुमारे 1640 मध्ये लिहिलेला ‘यांगशिएन मिंगहू शी’ हा यीशिंगच्या चहादाण्यांवरील छोटा ग्रंथ. (यांगशिएन हे यीशिंगचे जुने नाव.) त्यात दिल्याप्रमाणे यीशिंगजवळील जिन्शा मठातील एका अनामिक भिक्षूने बारीक माती निवडून, मळून, हाताने चहादाणी घडवण्याची रीत प्रथम काढली. वू शी नावाचा एक गृहस्थ या मठात राहून शासकीय परीक्षेचा अभ्यास करीत होता. त्याच्याबरोबर आलेल्या गोंग छुन या पोरसवदा नोकराने भिक्षूचे काम चोरून पाहिले आणि त्याच मातीची चहादाणी स्वतः घडवली. तिच्यावर त्याच्या बोटांचे ठसे दिसत असत, असेही जोउ गाओची सांगतो. वू शी 1514 मध्ये परीक्षा उत्तीर्ण झाला, असे परीक्षांच्या नोंदींवरून दिसते. त्यामुळे या कथेत तथ्य असल्यास गोंग छुनचे काम सोळाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतील ठरते. तथापि ग्रंथ आणि घटना यांत सव्वाशे वर्षांचे अंतर आहे, आणि गुरूचे काम लपून पाहून शिकलेला नोकर ही कारागिरांच्या उगमकथांमध्ये वारंवार आढळणारी व्यक्तिरेखा आहे, हे लक्षात ठेवणे इष्ट.

दुसरे मत उगम त्याहून चार-पाचशे वर्षे मागे, म्हणजे उत्तर सुंग काळात (960–1127) नेते. त्याचे दोन आधार आहेत. मेइ याओचेन (1002–1060) आणि ओउयांग शिउ (1007–1072) या कवींच्या चहाविषयक ओळींत ‘जांभळी माती’ आणि ‘जांभळा पेला’ असे उल्लेख येतात, हा पहिला आधार. 1976 मध्ये दिंगशूजवळच्या यांगज्याओशान येथे एका जुन्या भट्टीचे अवशेष व जांभळ्या मातीच्या भांड्यांची खापरे सापडली, त्यांतील सर्वांत जुनी खापरे उत्तर सुंग काळातील असावीत असा निष्कर्ष त्या वेळी काढण्यात आला, हा दुसरा. सु शी (1037–1101) या कवीने यीशिंगला राहत असताना वरून कडी असलेली मोठी चहादाणी स्वतः योजली, ही लोकप्रिय आख्यायिकाही याच मताच्या पुष्ट्यर्थ सांगितली जाते. परंतु समकालीन लेखनात तिला आधार मिळत नाही.

या पुराव्यांपैकी काव्यातील उल्लेख फारसे निर्णायक मानता येत नाहीत. सुंग काळात चहाच्या वड्यांची पूड करून ती पेल्यात गरम पाण्याबरोबर घुसळून पीत. त्या पद्धतीत पाने मुरवण्याच्या भांड्याची गरजच नव्हती, आणि तेव्हाचे प्रतिष्ठित पेले फूज्येन प्रांतातील ज्येन भट्ट्यांचे, गडद काळपट-जांभळ्या झिलईचे होते. ‘जांभळा पेला’ म्हणजे असाच पेला असण्याचा संभव अधिक आहे. ‘जांभळी माती’ हा शब्दप्रयोगही पत्रांवर व राजाज्ञांवर मुद्रा उमटवण्याच्या मातीसाठी पूर्वीपासून रूढ होता. यांगज्याओशानच्या खापरांची माती भरड आहे, आणि त्यांच्या कालनिर्णयाबद्दल अनेक अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत. ती सुंगकालीन असलीच, तरी ती पाणी तापवण्याच्या वा साठवण्याच्या भांड्यांची असावीत. लोहयुक्त माती यीशिंगमध्ये आधीपासून वापरात असणे आणि तिची चहादाणी होणे या दोन वेगळ्या घटना आहेत, ही भूमिका उपलब्ध पुराव्याशी अधिक जुळते.

या भूमिकेला चहाच्या इतिहासाचाही पाठिंबा मिळतो. मिंग वंशाचा संस्थापक सम्राट होंगवू याने 1391 मध्ये दरबाराकडे येणाऱ्या दाबलेल्या चहाच्या वड्या बंद करवून सुट्या पानांचा चहा घेण्याची आज्ञा दिली. त्यानंतर पाने मुरवण्याची पद्धत सर्वत्र रूढ होत गेली आणि तिच्यासाठी योग्य भांड्याची निकड निर्माण झाली. कालनिश्चिती झालेली सर्वांत जुनी यीशिंग चहादाणी 1533 मध्ये दफन झालेल्या वू जिंग या राजवाड्यातील षंढ अधिकाऱ्याच्या थडग्यात, नानजिंग येथे 1960 च्या दशकाच्या मध्यास सापडली. ती सुमारे 18 सेंमी. उंच असून तिला वरून कडी आहे. माती पुढच्या काळातील चहादाण्यांच्या मानाने भरड आहे, आणि अंगावर झिलईचे काही थेंब वितळून चिकटलेले दिसतात. हे थेंब महत्त्वाचे आहेत: झिलईच्या इतर भांड्यांबरोबर, स्वतंत्र मातीच्या डब्यात न झाकता, ती एकाच भट्टीत उघडी भाजली गेली होती, असे त्यांवरून कळते. डब्यात झाकून भाजण्याची रीत पुढे ली माओलिन या कारागिराच्या काळी सुरू झाली, असे जोउ गाओची नोंदवतो, आणि या बाबतीत लेखी व भौतिक पुरावा एकमेकांस पूरक ठरतो. वू जिंगची चहादाणी पाणी उकळण्यासाठी होती की चहा मुरवण्यासाठी, यावर मात्र एकमत नाही. तिचा आकार पाहता पहिली शक्यता नाकारता येत नाही.

गोंग छुनची म्हणून प्रसिद्ध असलेली, झाडाच्या गाठीसारख्या खडबडीत अंगाची एक चहादाणी 1920 च्या दशकात छू नानच्यांग या यीशिंगच्या संग्राहकाला सूचौ येथे मिळाली व आज ती बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिचे झाकण निश्चितपणे नंतरचे आहे. संपूर्ण चहादाणीच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची असावी, असेही काही तज्ज्ञांचे मत असून, तिच्या आधारे गोंग छुनच्या शैलीविषयी विधाने करणे धाडसाचे ठरेल.

त्सुशा ही सामान्य कुंभारमातीसारखी पाणथळ जागेतून काढलेली चिकण माती नसून खडकाच्या थरांतून खणलेले खनिज आहे. दिंगशूजवळचा ह्वांगलुंगशान हा डोंगर तिचा सर्वांत नावाजलेला स्रोत होय. खणून काढलेले दगडी तुकडे उघड्यावर ऊन-पावसात ठेवून भुसभुशीत होऊ देतात, मग दळून, चाळून, पाणी घालून मळतात आणि माती झाकून मुरत ठेवतात. तिच्यात क्वार्ट्झ, केओलिन (पांढरी चिकणमाती), अभ्रक आणि लोहाचे ऑक्साइड हे मुख्य घटक असतात. तपकिरी-जांभळी, तांबडी आणि पिवळसर असे तिचे तीन प्रमुख प्रकार मानले जातात. तांबडीचा ‘जूनी’ नावाचा बारीक उपप्रकार भाजताना फार आकसतो, म्हणून त्याच्या चहादाण्या बहुधा लहान असतात. भाजण्याचे तापमान साधारणपणे 1,100 ते 1,200 अंश सेल्सिअसच्या दरम्यान असते. या तापमानाला माती कठीण होते, पण पोर्सेलीनप्रमाणे (पांढऱ्या चिनी मातीच्या भांड्यांप्रमाणे) पूर्ण काचमय होत नाही: खनिजकणांचे पुंजके बनतात, आणि पुंजक्यांच्या आत बंद व पुंजक्यांच्या मध्ये काहीशी उघडी अशी दोन प्रकारची सूक्ष्म छिद्रे राहतात. चहादाणी ‘श्वास घेते’, उष्णता हळू सोडते आणि चहाचा सुगंध धरून ठेवते हे गुण या रचनेशी जोडले जातात. त्यांपैकी उष्णतेविषयीचे विधान पटण्याजोगे आहे. वर्षानुवर्षे वापरलेल्या चहादाणीत नुसते गरम पाणी ओतले तरी चहा होतो, हे विधान मात्र कौतुकाच्या सदरात ठेवावे.

घडण चाकावर होत नाही, हे या परंपरेचे सर्वांत ठळक तांत्रिक वैशिष्ट्य आहे. त्सुशा माती चाकावर ओढण्याइतकी लवचिक नसते. उलट थापटून पातळ करण्यास ती उत्तम असते. कारागीर मातीचा गोळा लाकडी हातोड्याने बडवून एकसारख्या जाडीची लांब पट्टी व गोल चकत्या कापतो. पट्टी गोल वळवून तिची टोके जोडली की तळ-माथा नसलेले नळकांडे तयार होते. ते फिरत्या पाटावर ठेवून, डाव्या हाताची बोटे आतून टेकवून, बाहेरून लाकडी थापटण्याने हलके मारत त्याची वरची कड आत वळवतात व चकतीने बंद करतात. मग ते उलटे करून दुसऱ्या टोकालाही तेच करतात. चौकोनी वा बहुकोनी चहादाण्यांसाठी कापलेले तुकडे पातळ चिखलाने कडेला कड लावून जोडतात. तोटी, मूठ आणि झाकण वेगळे घडवून नंतर बसवतात. शेवटी गायी-म्हशीच्या शिंगाच्या कागदासारख्या पातळ पातीने पृष्ठभाग घोटला जातो, त्यामुळे बारीक कण वर येऊन झिलईशिवायच मंद तकाकी येते. झाकण चहादाणीवर ठेवूनच भाजतात, म्हणजे दोन्ही सारखीच आकसतात. झाकणाच्या बोंडीवरील छिद्र बोटाने दाबले असता तोटीची धार तत्काळ थांबावी, ही चांगल्या चहादाणीची सर्वमान्य परीक्षा आहे. पूर्वी भट्ट्या डोंगरउतारावर बांधलेल्या लांबट बोगद्यासारख्या असत. छ्येनशू येथील मिंगकालीन मानली जाणारी, चाळीस मीटरांहून अधिक लांब भट्टी आजही पेटवली जाते.

आकाराच्या दृष्टीने निर्णायक बदलाचे श्रेय शी दाबिन या सोळाव्या-सतराव्या शतकांतील कारागिराकडे जाते. तो आधी गोंग छुनच्या धर्तीवर मोठ्या चहादाण्या करीत असे. नंतर लोउदोंग भागात चन जीरू या साहित्यिकाची व त्याच्या वर्तुळाची चहाविषयक चर्चा ऐकून तो लहान चहादाण्यांकडे वळला, असे जोउ गाओची सांगतो. फूज्येनमधील चांगपू व ज्यांगसूमधील वूशी येथील सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातील थडग्यांत त्याच्या नावाच्या लहान चहादाण्या मिळाल्यामुळे हे विधान विश्वसनीय वाटते. चिंग काळात (1644–1912) चन मिंगयुआन याने फळे, शेंगा, झाडांचे बुंधे अशा नैसर्गिक आकारांत विलक्षण कौशल्य दाखवले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शेजारच्या लियांग येथे दंडाधिकारी असलेला चन होंगशौ ऊर्फ मानशेंग (1768–1822) याने साधे भौमितिक आकार योजून दिले, यांग पंगनिएन व त्याच्या भावंडांनी ते घडवले, आणि मानशेंगने व त्याच्या मित्रांनी त्यांच्या अंगावर ओळी कोरल्या. यामुळे चहादाणी सुलेखनकलेच्या कक्षेत आली. अशा आकारांची संख्या परंपरेने अठरा सांगितली जाते, पण ज्ञात नमुने त्याहून अधिक आहेत.

वापराच्या पद्धतींपैकी सर्वांत विकसित पद्धत यीशिंगपासून दूर, दक्षिणेकडील छाओचौ प्रदेशात आढळते. तेथील ‘गोंगफू’ चहासाठी मुठीएवढी, हुइ मंगछन या कारागिराच्या नावाने ओळखली जाणारी चहादाणी, मातीची शेगडी, पाण्याची किटली आणि पातळ पोर्सेलीनचे बहुधा तीनच पेले लागतात. चहादाणी उलोंग (हिरवा व काळा यांच्या मधल्या प्रकारच्या) चहाच्या पानांनी अर्ध्याहून अधिक भरतात, उकळते पाणी उंचावरून ओततात, वर आलेला फेस झाकणाने निपटतात आणि झाकण लावल्यावर बाहेरूनही गरम पाणी घालतात. चहा एकेक पेला भरून न देता, एकमेकांना चिकटून ठेवलेल्या पेल्यांवर चहादाणी गोल फिरवत सर्वांत थोडा थोडा ओततात, जेणेकरून कोणाचा फिका व कोणाचा कडक होऊ नये. या फेरीला ‘सेनापती ग्वान यू नगराची गस्त घालतो’ आणि अखेरचे दाट थेंब वाटून टाकण्याला ‘हान शिन सैन्य मोजतो’ असे, दोन प्राचीन सेनापतींच्या नावांवरून, म्हणतात. छाओचौचा हा चहा 2008 मध्ये चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारसा यादीत आला. यीशिंगची घडणकला 2006 च्या पहिल्याच यादीत होती.

सतराव्या शतकात डच व्यापाऱ्यांमार्फत या चहादाण्या चहाबरोबर युरोपात पोहोचल्या. नेदरलँड्समधील डेल्फ्टमध्ये आरी द मिल्डे, इंग्लंडच्या स्टॅफर्डशरमध्ये एलर्स बंधू आणि 1710 च्या सुमारास जर्मनीतील माइसेनमध्ये योहान फ्रीडरिश ब्यॉटगर यांनी त्यांच्या तांबड्या प्रतिकृती केल्या; ब्यॉटगरचे हे काम युरोपीय पोर्सेलीनच्या शोधाशी निगडित आहे. सयाममध्ये (आजचे थायलंड) राजा चुलालोंगकोर्नच्या काळी चकचकीत घासलेल्या, धातूच्या कडा बसवलेल्या यीशिंग चहादाण्यांना विशेष मागणी होती. जपानमधील तोकोनामे येथे 1878 मध्ये बोलावलेल्या जिन शीहंग याने यीशिंगची थापटण्याची पद्धत तेथील कुंभारांना शिकवली, असे तेथील परंपरा मानते. परंतु तोकोनामेत पुढे चाकावरची घडणच टिकली.

विसाव्या शतकाच्या मध्यास युद्धामुळे हा व्यवसाय जवळजवळ मोडला. 1950 च्या दशकात कारागिरांची सहकारी संस्था स्थापन झाली आणि गू जिंगजोउ (1915–1996), जियांग रोंग आदी सात ज्येष्ठ कारागिरांवर शिष्य घडवण्याचे काम सोपवण्यात आले. 1980 च्या दशकात हाँगकाँग व तैवानमधील संग्राहकांमुळे किमती झपाट्याने वाढल्या आणि त्याबरोबर नकलाही वाढल्या. तळावरील शिक्का हा मूळ कर्त्याचा निर्विवाद पुरावा मानता येत नाही, कारण नामांकित कारागिरांचे शिक्के त्यांच्या हयातीत व नंतरही सर्रास वापरले गेले. हुइ मंगछनचे नाव तर अखेरीस एका आकाराचेच नाव झाले. ह्वांगलुंगशानची खाण 2005 मध्ये बंद करण्यात आल्यापासून तेथील अस्सल मातीचा साठा मर्यादित झाला असून, इतर माती व धातूंच्या ऑक्साइडचे रंग मिसळून केलेल्या चहादाण्या ‘मूळ खाणीच्या’ म्हणून विकल्या जातात. 2010 मध्ये चिनी दूरचित्रवाणीने अशा भेसळीवर प्रकाश टाकल्यानंतर खरेदीदारांचे लक्ष घडणीइतकेच, किंबहुना अधिक, मातीच्या स्रोताकडे वळले आहे.