डीप ब्रेन स्टिम्युलेशन (डीबीएस)

डीबीएस म्हणजे मेंदूत खोलवर बारीक वायर घालून तिथे सतत हलका करंट देत राहायचा. पार्किन्सन्स म्हणजे कंपवात, इसेन्शियल ट्रेमर (काम करताना हात कापणं), डिस्टोनिया (स्नायू आपोआप आखडून अंग वाकडं होणं) अशा हालचालींच्या आजारांवर ही ट्रीटमेंट करतात. वायर कातडीखालून मानेतून छातीपर्यंत आणतात आणि तिथे कॉलरबोनखाली बॅटरीचं यंत्र बसवतात. लोक याला सरसकट 'मेंदूचा पेसमेकर' म्हणतात, पण हृदयाचा पेसमेकर ठोका लावून देतो आणि इथे बिघडलेली लय मोडायची असते, म्हणजे काम जवळजवळ उलटंच.

याच्या आधी मेंदूचा तेवढा भाग जाळूनच टाकायचे. त्यातही योगायोग बघा, 1952 मध्ये अमेरिकेत आयर्विंग कूपर या सर्जनच्या हातून पार्किन्सन्सच्या पेशंटची एक रक्तवाहिनी फाटली, ती बांधून (म्हणजे तिथला रक्तपुरवठा बंद करून) ठरलेलं ऑपरेशन सोडून द्यावं लागलं आणि पेशंट शुद्धीवर आला तर कंप गायब! पुढे 1960 च्या दशकाच्या शेवटी लेव्होडोपा हे पार्किन्सन्सचं औषध आलं आणि ऑपरेशनं मागे पडली, पण काही वर्षांनी गोळीचा असर लवकर उतरायला लागतो, अंग आपोआप वेडंवाकडं हलायला लागतं, त्यामुळे सर्जन लोकांना परत बोलवावं लागलं. 1987 मध्ये फ्रान्समधल्या ग्रनोबलला आलिम लुई बेनाबिद हे सर्जन थॅलॅमस या मेंदूच्या आतल्या गाठीचा भाग जाळण्याआधी जागा बरोबर आहे ना हे करंट देऊन बघत होते, तर 100 हर्ट्झच्या (सेकंदाला 100 झटके) आसपास कंप जागीच थांबला. मग जाळायचं कशाला, वायरच आत ठेवू, असा विचार झाला.

तिकडे 1982 मध्ये कॅलिफोर्नियात भेसळीच्या नशेमुळे काही तरुण पार्किन्सन्स झाल्यासारखे ताठरले. त्या भेसळीतलं एमपीटीपी हे रसायन वापरून माकडांत आजार तयार करता यायला लागला आणि 1990 मध्ये अमेरिकेतले मेंदू संशोधक माहलॉन डिलाँग यांच्या टीमने दाखवलं की सबथॅलॅमिक न्यूक्लियस हा छोटासा भाग निकामी केला की माकडं पुन्हा नीट हालचाल करतात. 1993 मध्ये ग्रनोबलला माणसाच्या त्याच जागी वायर गेली. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-यंत्रांना परवानगी देणारी सरकारी संस्था) 1997 मध्ये कंपासाठी आणि 2002 मध्ये पार्किन्सन्सच्या बाकी लक्षणांसाठी मान्यता दिली.

ऑपरेशनमध्ये बऱ्याचदा पेशंट जागा असतो. स्पीकरवर पेशींची खरखर ऐकू येते, योग्य जागा आली की आवाज एकदम दाट होतो, मग करंट देऊन मनगट वाकवून बघतात, बोटं टॅप करायला लावतात, बोलायला लावतात. जीभ जड झाली तर वायर मिलिमीटरने का होईना पण चुकली.

संशोधनाच्या दृष्टीने याची मोठी सोय म्हणजे यंत्र बंद करता येतं, त्यामुळे तोच पेशंट चालू आणि बंद अशा दोन्ही अवस्थांत तपासता येतो. पण ब्लाइंड ट्रायल (यंत्र चालू की बंद हे पेशंटला कळू न देता केलेली चाचणी) अवघडच, कारण कंप थांबला की पेशंटला लगेच कळतं चालू आहे ते, आणि नुसती वायर आत गेल्यानेही काही दिवस बरं वाटतं. 2006 च्या जर्मन ट्रायलमध्ये 156 पेशंट होते, त्यात नुसत्या औषधापेक्षा डीबीएसवाल्यांचं रोजचं जगणं जास्त सुधारलं. तरी आजार आतून वाढतच राहतो, आणि लेव्होडोपाने जे सुधारत नाही (कंप सोडून) ते यानेही सहसा सुधारत नाही. म्हणून ऑपरेशनचं ठरवताना आधी गोळी बंद ठेवून आणि मग देऊन फरक मोजतात. मेंदूत रक्तस्राव, इन्फेक्शन, बोलणं अडखळणं हे धोके आहेतच.

हे नक्की कसं चालतं यावर अजून वाद आहे. कंप सेकंदांत थांबतो पण डिस्टोनियाला आठवडे-महिने लागतात, म्हणजे एकच यंत्रणा धरून भागत नाही.

भारतात मुंबईच्या जसलोक हॉस्पिटलमध्ये 1990 च्या दशकाच्या शेवटी ही ऑपरेशनं सुरू झाली, खर्च आजही लाखांत जातो. आता नवीन यंत्रं मेंदूतल्या 13 ते 30 हर्ट्झच्या बीटा लहरी ऐकून करंट स्वतःच कमी-जास्त करतात, पार्किन्सन्ससाठी अशा यंत्राला एफडीएने 2025 मध्ये मान्यता दिली.