ताशी 300 किलोमीटरची सायकल

ताशी 300 किलोमीटरने धावणारी शर्यतीची गाडी सेकंदाला 83 मीटर कापते. कॅमेऱ्याचं शटर सेकंदाचा हजारावा भागच उघडं राहिलं, तरी तेवढ्यात ती 8 सेंटिमीटर पुढे गेलेली असते. हे ऐकलं की वाटतं, असली गाडी टिपायचा सराव शर्यतीच्या मैदानावरच होणार, आधी घरी काय शिकणार? पण कॅमेऱ्याला किलोमीटर कळत नाहीत. त्याला कळतो कोन.

ही गाडी तुमच्यापासून 100 मीटरवरून जात असेल, तर ती अगदी समोर येते त्या क्षणी तिला चौकटीत धरायला कॅमेरा सेकंदाला 48 अंश या वेगाने फिरवावा लागतो. आता रस्त्याकडेला उभे राहा. ताशी 18 किलोमीटरने, 6 मीटरवरून एक सायकलस्वार जातोय. कॅमेरा किती वेगाने फिरवाल? तेच 48 अंश. हिशेब सोपा आहे: ताशी वेगाला मीटरमधल्या अंतराने भागा आणि 16ने गुणा. भागाकार 3 आला, की शर्यतीचीच हालचाल तुमच्या हातांत आली. 15 मीटरवरून ताशी 45ने जाणारी स्कूटरही चालेल. किंबहुना 300 मिलिमीटरची, लांबचं जवळ आणणारी लेन्स असेल तर स्कूटरच बरी. सायकल एवढ्या जवळून त्या चौकटीत मावणार नाही.

पण कॅमेरा फिरवायचाच कशाला? शटर 1/1000 किंवा त्याहून जलद ठेवून गाडी गोठवता येतेच की. येते, आणि तिथेच फोटो मरतो. फॉर्म्युला वनच्या टायरचा व्यास सुमारे 71 सेंटिमीटर आहे. ताशी 300ला ते चाक सेकंदाला सुमारे 37 फेरे घेतं. 1/1000 सेकंदात ते जेमतेम 13 अंश वळतं. टायरवरची अक्षरं जवळजवळ वाचता येतात आणि गाडी उभी केल्यासारखी दिसते. 1/125ला तेच चाक पाव फेऱ्याहून जास्त फिरतं, अक्षरांची एक पिवळी किंवा पांढरी कडी होते. तेवढ्या वेळात कॅमेराही 0.4 अंश फिरलेला असतो. पौर्णिमेचा चंद्र आकाशात अर्धा अंश जागा घेतो. म्हणजे मागचं प्रत्येक झाड, प्रत्येक प्रेक्षक पाऊण चंद्राएवढा ओढला जातो. 1/30ला तीन चंद्रांएवढा. गाडी मात्र, तुमचा हात तिच्याबरोबर असेल तर, जागच्या जागी स्पष्ट राहते. यालाच पॅनिंग म्हणतात.

शटर नेमकं कधी दाबायचं, याचं उत्तर मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटतं. गाडीचा वेग कायम असला तरी तुमचा फिरण्याचा वेग कायम नसतो. गाडी समोरच्या रेषेपासून 60 अंशांवर असते तेव्हा तुम्हाला सेकंदाला फक्त 12 अंश फिरायचं असतं. मग हा वेग चढत जातो, 30 अंशांवर सर्वांत झपाट्याने चढतो. नवख्याची गाडी चौकटीतून निसटते ती बहुधा इथेच. आणि गाडी ऐन समोर येते तेव्हा फिरण्याचा वेग सर्वांत जास्त, पण तो वाढायचा थांबलेला असतो. त्याच क्षणी गाडीचं तुमच्यापासूनचं अंतरही ना कमी होत असतं ना वाढत, म्हणून फोकसला धावपळ नाही. शिवाय गाडी तिरकी असताना तिचं नाक आणि शेपूट वेगवेगळ्या कोनीय वेगाने सरकतात, एक स्पष्ट आलं तर दुसरं पुसट. समोर ते दोन्ही सारखे होतात. जो क्षण सर्वांत वेगवान, तोच हाताला सर्वांत सोपा!

अडचण डोळ्याची आहे. हलत्या वस्तूचा सलग, नितळ पाठलाग डोळा साधारण सेकंदाला 30 अंशांपर्यंत नीट करतो, त्यापुढे तो मधूनमधून उड्या मारतो. म्हणून गाडी समोर आल्यावर शोधायची नाही. 60 अंशांवर, म्हणजे दोन सेकंद आधीच, तिला चौकटीत घ्यायची. पावलं जिथे फोटो काढायचा त्या दिशेला रोवा, कंबर गाडी येते तिकडे पिळा आणि तो पीळ सुटू द्या. बोट दाबल्यावरही फिरत राहा. बोटाबरोबर खांदे थबकले, की हेल्मेटची कड दुहेरी येते. ही सवय शंभरेक सायकली गेल्याशिवाय अंगात मुरत नाही, आणि शर्यतीच्या दिवशी ती मुरवायला वेळ नसतो.

मैदानावर दोन गोष्टी नव्या भेटतील. मध्ये जाळी असेल. लेन्स तिच्या शक्य तेवढी जवळ नेऊन लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) मोठं ठेवलं की जाळीच्या तारा विरून जातात. आणि दुपारच्या तापलेल्या डांबरावरची हवा, मृगजळ दाखवणारी तीच, लांबची गाडी थरथरवते. त्यावर महागड्या लेन्सचाही उपाय नाही. जवळची जागा धरा.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात जाक आन्री लार्तिग या विशीही न गाठलेल्या फ्रेंच मुलाने ग्रां प्री या मोटारशर्यतीत धावती गाडी टिपली. त्याच्या कॅमेऱ्यातल्या शटरची सरकती फट दृश्य खालून वर टिपत गेली आणि हात गाडीच्या थोडा मागे पडला. परिणामी चाक पुढे झुकून लंबगोल झालं आणि प्रेक्षक मागे कलले. आजच्या कॅमेऱ्यांतलं आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटरही चित्र ओळीओळीने वाचतं. ते वापरणार असाल, तर सायकलमागचा विजेचा खांब तिरका येतोय का, हे आधी रस्त्यावरच बघून ठेवा.