शाळा शेतात कशी पोचली

जुलैत भाताच्या लावणीला जोर आला की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या स्थानिक वर्तमानपत्रांत एक फोटो ठरलेला असतो. गणवेशातली मुलं चिखलात, हातात तरव्याच्या, म्हणजे भाताच्या कोवळ्या रोपांच्या, मुठी, बांधावर छत्री धरून गुरुजी. पन्नास वर्षांपूर्वी असा फोटो कुणी छापला नसता. तेव्हा मूल लावणीला घरच्याच मळ्यात असायचं आणि हजेरीपटावर गैरहजर लागायचं.

शाळेत शेती शिकवा, ही मागणी मात्र फार जुनी. १८८२ साली शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या हंटर आयोगापुढच्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी प्राथमिक अभ्यासक्रमात शेतीचं प्राथमिक ज्ञान असावं असं सांगितलं. जोडीला छोटं नमुना शेत असलं, तर मुलांना प्रत्यक्ष काम शिकता येईल, हेही सांगितलं. पुढच्या बहुतेक योजना याच मुद्द्याभोवती फिरत राहिल्या.

कोकणात या योजनांची गाठ वेगळ्याच वास्तवाशी पडली. डोंगरउतारावरची तुकड्यातुकड्यांची जमीन, भाताचं एकच पीक आणि मुंबईच्या गिरण्यांतून येणारी मनिऑर्डर. शाळा शिकायची ती चाकरमानी होण्यासाठी. चार इयत्ता शिकून पोरगा पुन्हा नांगरच धरणार असेल, तर त्याला शाळेत धाडून उपयोग काय, असं आईबापांना वाटलं तर त्यांना दोष कसा द्यायचा?

१९३७ च्या वर्धा परिषदेनंतर गांधीजींची नई तालीम आली, हातांनी काम करत शिकायची. त्याच विचारांचे अप्पासाहेब पटवर्धन यांनी १९४८ मध्ये कणकवलीजवळ गोपुरी आश्रम उभारला. ती रूढ अर्थाने शाळा नव्हती, पण मैल्याचं खत करणं हे शिकण्यासारखं आणि प्रतिष्ठेचं काम आहे, हे तिथे करून दाखवलं गेलं.

खरा धडा उत्तरेत, डहाणू तालुक्यात घडला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. वारल्यांची मुलं शाळेत येईनात, कारण त्यांच्यामागे गुरं होती. मग शाळाच गुरांमागे कुरणात गेली आणि कुरणशाळा जन्माला आली. पानं, बिया, शिंपले हेच तिथलं शैक्षणिक साहित्य. त्याच टेकडीवर १९४९ पासून गोखले एज्युकेशन सोसायटीची कृषी संस्था होती. १९७६ मध्ये तिथे कृषी विज्ञान केंद्रही आलं. शेती शिकवण्याआधी मुलाचा दिवस कसा जातो ते बघावं लागतं, हे कोसबाडला जितकं कळलं तितकं नंतरच्या समित्यांना कळलेलं दिसत नाही.

कोठारी शिक्षण आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाची, म्हणजे शाळेत प्रत्यक्ष काम करून शिकण्याची, शिफारस केली. बऱ्याच शाळांत त्याची कागदी फुलं आणि खडू झाले. त्या मानाने पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमाचं काम ठोस. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये तो सुरू केला आणि मूलभूत तंत्रज्ञानाच्या विषयात शेती-पशुपालनाला आठवड्याच्या वेळापत्रकात हक्काची जागा मिळाली.

दरम्यान कोकणची शेतीच बदलली. १९७२ मध्ये दापोलीला कृषी विद्यापीठ झालं. १९९० मध्ये रोजगार हमीतून फळबाग लागवड आली आणि वरकस, म्हणजे उताराच्या हलक्या, जमिनीवर आंबा-काजूची कलमं उभी राहिली. शिकवण्याच्या दृष्टीने ही मोठी सोय झाली. आंब्याच्या कोयी मे-जूनमध्ये फुकट मिळतात, शाळा जूनच्या मध्याला उघडते, आणि कोय रुजून तांबूस पानांचं कोवळं रोप आलं की कोयकलम बांधायची वेळ होते. रोपाचा शेंडा छाटायचा, मधोमध चीर द्यायची, चांगल्या आंब्याची पाचरीसारखी तासलेली काडी तीत बसवायची, वर प्लास्टिकची पट्टी आवळायची. सगळं वर्गाच्या पडवीत जमतं. कलम जगलं की नाही हेही मुलांना शाळा चालू असतानाच कळतं.

भाताचं तसं नाही. भाजावळ, म्हणजे पेरणीआधी पालापाचोळा जाळून जमीन भाजणं, उन्हाळ्याच्या सुट्टीत उरकते, पेरणी शाळा उघडताना आणि हळव्या-निमगरव्या, म्हणजे लवकर आणि मध्यम मुदतीत पिकणाऱ्या, भाताची कापणी बऱ्याचदा सहामाही परीक्षा आणि दिवाळीच्या सुट्टीत. शाळेच्या वाट्याला उरते ती लावणी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावीपासून व्यवसाय शिक्षण आणि दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत. त्यातला एखादा दिवस ऑक्टोबरात काढून ठेवला, तर जुलैत रोवलेल्या आवणाचं (रोपांचं) भात झालेलं मुलांना बघता तरी येईल.