जनवकिली (ग्रामीण विदर्भ)

जनवकिली : शासन, लोकप्रतिनिधी व वृत्तपत्रे यांच्यापुढे लोकसमूहाने आपला प्रश्न पुराव्यानिशी मांडणे आणि त्याचा पाठपुरावा करणे. निवेदन, शिष्टमंडळ, मोर्चा, धरणे ही तिची रूपे सर्वपरिचित आहेत. प्रस्तुत नोंदीत ती शिकण्याच्या रीतीचा, विशेषतः गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) (ता. धानोरा) या गोंड वस्तीच्या गावात रुजलेल्या अभ्यासगटाचा (निर्णय न घेता एखादा विषय समजून घेण्यासाठी बसणाऱ्या गटाचा) विचार केला आहे.

गाऱ्हाणे चारचौघांत मांडण्याची चाल विदर्भात जुनी आहे. गाडगेबाबा (१८७६–१९५६) कीर्तनात श्रोत्यांनाच प्रश्न विचारून उत्तरे वदवून घेत. तुकडोजी महाराजांनी (१९०९–६८) खंजिरी भजन व सामुदायिक प्रार्थना यांच्याद्वारे गावाला एकत्र बसवले. मात्र यांचा अभ्यासगटाशी थेट संबंध जोडणे धाडसाचे ठरेल.

अभ्यासगटाच्या उगमाविषयी एकमत नाही. एका मतानुसार त्याचे मूळ पवनारच्या विनोबांच्या सर्वसहमतीच्या विचारात आहे. दुसरे मत त्याचा संबंध जयप्रकाश नारायण यांच्या चळवळीतून आलेल्या तरुणांशी जोडते. वृक्षमित्र संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल हे त्यांपैकी एक. तिसरे मत गोंडांच्या गोटुलाकडे (गावाने एकत्र बसण्याच्या पारंपरिक सामूहिक घराकडे) बोट दाखवते. कालनिश्चितीही ढोबळच करता येते. इंद्रावती व गोदावरी या नद्यांवरील भोपालपटनम आणि इंचमपल्ली या प्रस्तावित धरणांविरुद्ध १९८० नंतरच्या दशकात ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन झाले. आदिवासी नेते लालश्याम शाह, बाबा आमटे प्रभृती त्यात होते. मेंढ्यातील प्रयोग त्यानंतरचा, बहुधा त्याच दशकाच्या उत्तरार्धातला असावा. सर्वांनी बसून एकमताने ठरवण्याची रीत गोटुलामुळे गावात आधीपासूनच असणार. पण काहीही न ठरवता केवळ समजून घेण्यासाठी वेगळे बसणे ही गोष्ट बाहेरून आलेल्या कार्यकर्त्यांच्या सहवासात घडली, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

कारण पद्धतीचे वेगळेपण नेमके तेथे आहे. अभ्यासगट निर्णय घेत नाही. ज्याला ज्या विषयात गोडी, तो त्यात बसतो. जाणकाराला बाहेरून बोलावता येते, वाद घालता येतो, बैठक अर्धवट सोडता येते. निर्णय मात्र ग्रामसभेचा, तोही बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने. त्यामुळे साहेबांपुढे बोलणारा माणूस कोणीही असला तरी ठराव गावाचा असतो, आणि एखाद्याला बाजूला घेऊन ‘समजावणे’ जड जाते. माशा न मारता मध काढण्याची रीत अशाच अभ्यासातून पुढे आली. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा मेंढ्यातील कार्यकर्ते देवाजी तोफा यांच्यामुळे सर्वदूर पोहोचली. घोषणेमागे कायद्याची कलमे वाचणारी बैठक होती, हे तितके पोहोचले नाही.

बांबूचा वाद हे त्याचे ठळक उदाहरण. वनहक्क कायदा, २००६ अन्वये मेंढ्याला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. परंतु तोडलेला बांबू विक्रीसाठी गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना (टीपी) लागे आणि वनविभाग तो देईना. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २(७) मध्ये ‘वृक्ष’ या संज्ञेत बांबूचा समावेश होता. म्हणजे बांबू हे लाकूड, आणि लाकूड सरकारचे, असा हा युक्तिवाद. याउलट वनहक्क कायद्याच्या कलम २(झ) मध्ये गौण वनोपजात (लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या, वनहक्कधारकांच्या मालकीच्या वस्तूंत) बांबूचे नाव स्पष्ट घातले आहे. (वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बांबू गवतच, पण खरा वाद वनस्पतिशास्त्राचा नव्हता.) ग्रामसभेने आपली मांडणी या दुसऱ्या व्याख्येवर उभी केली. मार्च २०११ मध्ये केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांनी बांबू गौण वनोपज मानावा असे मुख्यमंत्र्यांना कळवले आणि २७ एप्रिल २०११ रोजी मेंढ्यात येऊन परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. कलम २(७) मधून बांबू वगळला गेला तो २०१७ मध्ये.

विदर्भात इतरत्र मोर्चा हेच प्रमुख साधन राहिले. १९५३ च्या नागपूर करारानुसार विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी नागपुरास भरत असल्याने डिसेंबरात खेड्यापाड्यांतून माणसे तेथे येतात. टेकडी रोड किंवा मॉरिस कॉलेज टी पॉइंटवर मोर्चा अडवला जातो, शिष्टमंडळ आत जाते, निवेदन दिले जाते. चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदीसाठी महिलांनी २०१० च्या अधिवेशनावर चिमूरहून पायी मोर्चा नेला. बंदी २०१५ मध्ये आली, २०२१ मध्ये उठली. शेजारच्या गडचिरोलीत ती १९९३ पासून आहे.

पश्चिम विदर्भातील कापूसपट्ट्यात कर्जबाजारी शेतकऱ्यांचा प्रश्न मांडताना भर वृत्तपत्रांवर होता. वर्धा जिल्ह्यातील डोरली गावाने ‘गाव विकणे आहे’ असा फलक लावला आणि त्याची बातमी देशभर झाली. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भाचा दौरा करून सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्याचा मोठा वाटा सिंचन प्रकल्पांकडे गेला. थकीत कर्जावरचे व्याज माफ झाले, मुद्दल राहिले. मुद्दलाची माफी २००८ च्या केंद्रीय योजनेत आली. पण संपूर्ण माफीला दोन हेक्टरांची मर्यादा असल्याने त्याहून अधिक कोरडवाहू जमीन असलेले विदर्भातील अनेक शेतकरी तिच्या बाहेर राहिले.