पार्श्वभूमी : लव्हक्राफ्टचे कागद बार्लोकडे कसे आले?

रॉबर्ट बार्लो हा अमेरिकन भयकथालेखक एच. पी. लव्हक्राफ्टचा तरुण मित्र. त्याच्या स्वतःच्या अद्भुतकथा थोड्याच, त्याही बहुतेक हौशी मासिकांत छापलेल्या. 'ड्रॅगन-फ्लाय' आणि 'लीव्ह्ज' ही त्यानं काढलेली नियतकालिकं प्रत्येकी दोन अंकांतच आटोपली. तरी त्याचं नाव टिकलं, ते टाइपरायटरमुळे.

लव्हक्राफ्टला टायपिंगचा मनस्वी कंटाळा. १९३१ मध्ये तेरा वर्षांच्या बार्लोनं वय न सांगता त्याच्याशी पत्रव्यवहार सुरू केला. पुढे दोघांत सौदा ठरला : टाइप मी करतो, मूळ हस्तलिखित माझं. १९३४ मध्ये लव्हक्राफ्ट फ्लोरिडात त्याच्या घरी पाहुणा म्हणून उतरला, तेव्हा हा 'पत्रमित्र' सोळाचाही नव्हता.

मार्च १९३७ मध्ये लव्हक्राफ्ट गेला आणि वाद पेटला तो 'एक्झिक्युटर' या शब्दावरून. मरणानंतर काय करायचं याची एक यादी त्यानं लिहून ठेवली होती, तिच्यात साहित्याचा एक्झिक्युटर म्हणून बार्लोचं नाव होतं. पण हे मृत्युपत्र नव्हे. मृत्युपत्र १९१२ चं, बार्लोच्या जन्माआधीचं. एक्झिक्युटर म्हणजे कागदांची राखण करणारा. हक्कांचा मालक वेगळा, आणि इथे वारस होती लव्हक्राफ्टची मावशी. तिनं त्याच महिन्यात लेखी कागद करून बार्लोचं काम मान्य केलं. एवढं असूनही 'पोरानं कागद लांबवले' अशी बोंब उठली. जुने लेखकस्नेही तुटले. लव्हक्राफ्टची पुस्तकं काढायला निघालेल्या दोघांना हे कागद हवे होते, हे त्या बोंबेमागचं कारण कुणी फारसं बोलत नाही. बार्लोनं ते विकले नाहीत. लव्हक्राफ्टच्या गावच्या, प्रॉव्हिडन्सच्या विद्यापीठ ग्रंथालयाला देत गेला.

पुढे मेक्सिको, अझ्टेक लोकांच्या नाहुआत्ल भाषेचा अभ्यास, तिथे मोठं नाव. जानेवारी १९५१ च्या सुरुवातीला, बत्तिसाव्या वर्षी त्यानं आत्महत्या केली. समलैंगिकता उघड करण्याची धमकी हे कारण सांगितलं जातं.

एक हस्तलिखित मात्र ग्रंथालयात नव्हतं. लव्हक्राफ्टच्या 'द शॅडो आउट ऑफ टाइम' या कथेची पेन्सिलीनं लिहिलेली वही. १९३५ च्या उन्हाळ्यात बार्लोनं ती गुपचूप टाइप करून लव्हक्राफ्टला चकित केलं होतं. पुढे ही वही त्यानं एका विद्यार्थिनीला दिली, आणि १९९५ मध्ये ती हवाईत सापडली. छापील मजकुराशी ताडून पाहिली, तर चुका कितीतरी. त्यांतल्या बऱ्याच बार्लोच्या टायपिंगच्या.