झाडापासून बनलेलं प्लास्टिक वेगळं, कुजणारं प्लास्टिक वेगळं

पिशवीवर हिरवं पान दिसलं की आपण धरूनच चालतो, ही मातीत जाणार आणि संपणार. पण कंपन्या ते पान दोन वेगळ्या दाव्यांसाठी छापतात, एक म्हणजे प्लास्टिक कशापासून केलं आणि दुसरा म्हणजे फेकल्यावर त्याचं काय होतं, आणि पहिल्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही.

ब्राझीलमध्ये २०१० पासून उसाच्या इथेनॉलपासून मोठ्या प्रमाणावर पॉलिथिन तयार होतंय. कच्चा माल उसाचा असला तरी रेणू सेम टू सेम तेलवाल्या पॉलिथिनचाच, त्यामुळे कुजायचं नावच नाही. तेल वाचतं आणि नेहमीच्या रिसायकलिंगमध्ये चालून जातं, एवढा फायदा मात्र खरा. पीबीएटी नावाच्या प्लास्टिकचं नेमकं उलटं आहे, ते बनतं बहुतेक तेलापासूनच, पण त्यातले एस्टर बंध (रेणूचे तुकडे जोडणारे दुवे) सूक्ष्मजीवांची एन्झाइम्स तोडतात म्हणून ते कुजतं, कंपोस्टेबल म्हणजे कंपोस्ट खतात कुजणाऱ्या पिशव्यांमध्ये सर्रास असतं. (तसं झाडापासून प्लास्टिक हे काही नवीन फॅड नाही, १८७० च्या आसपासचं सेल्युलॉइड कापसातल्या सेल्युलोजपासूनच बनायचं, तेलाचं राज्य नंतर आलं.)

पीएलए नावाचं प्लास्टिक दोन्हीत बसतं, मका किंवा उसापासून बनतं आणि कुजतंही, पण त्याला साधारण ६० अंशाची गरमी लागते, म्हणजे मोठ्या कंपोस्ट प्लांटमध्येच, रस्त्याकडेला किंवा समुद्रात ते वर्षानुवर्षं पडून राहू शकतं.

कुठे फेकलं यावर किती अवलंबून असतं बघा. इमोजेन नॅपर आणि रिचर्ड थॉम्पसन या संशोधकांनी पिशव्या माती, समुद्र आणि उघड्या हवेत ठेवून बघितल्या, अभ्यास २०१९ मध्ये आला. बायोडिग्रेडेबल लिहिलेली पिशवी ३ वर्षं माती-पाण्यात राहूनही सामान उचलत होती! कंपोस्टेबल पिशवी समुद्रात ३ महिन्यांत गायब झाली, पण मातीत २७ महिन्यांनीही होती, फक्त वजन घातलं की फाटायची.

ऑक्सो-डिग्रेडेबल प्लास्टिक तर माझ्या मते सरळ धूळफेक आहे. साध्याच प्लास्टिकमध्ये असं केमिकल घालतात की त्याचे तुकडे पडतात, म्हणजे कचरा जात नाही, बारीक होतो. युरोपियन युनियनने २०२१ पासून त्यावर बंदीच घातली.

आणि हो, पीएलएची बाटली पेटच्या (PET, नेहमीच्या पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक) बाटल्यांमध्ये टाकू नका, दिसायला सारखीच असते पण रिसायकलिंगचा माल खराब करते.